बाबांना विचारलं कोणी? सेंट मार्टिनच्या शर्यतीतलं एक प्रकरण

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझरांना प्रशिक्षण देते. नवा माणूस मशीनवर कसा उभा करायचा, हा त्यातला मोठा विषय. त्यासाठी कारखान्यांतली बरीच प्रकरणं माझ्याकडे आहेत, पण वर्गात सगळ्यात जास्त बोलणं होतं ते एका वेगळ्याच प्रकरणावर. ते जानेवारी 2016 मधलं, कॅरिबियन समुद्रातलं आणि आमच्या घरातलं आहे. आजवर ते तोंडीच सांगत आले. आता सगळं लिहून काढते आहे, कारण तोंडी सांगताना त्यातली एक गोष्ट मी दर वेळी गाळत होते.

माणसं

बाबा तेव्हा 71 वर्षांचे होते. चिपळूणला एसटीच्या वर्कशॉपात 34 वर्षं मेकॅनिक. गिअरबॉक्स आणि क्लच ही त्यांची खास कामं. गाडी आवारात शिरली की नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. प्रकृती एरवी ठणठणीत, फक्त उजवा गुडघा गेलेला. जिना उतरताना कठडा लागायचा आणि खाली मांडी घालून बसले की उठताना कोणाचा तरी हात.

त्या हिवाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी दादाकडे न्यू जर्सीला होते. बाहेर बर्फ, घरात हीटर. पहिल्याच आठवड्यात वॉशिंग मशीन खडखडायला लागलं. बाबांनी ते पुढे ओढलं आणि मागचा पत्रा काढायला स्क्रू ड्रायव्हर मागितला. दादा म्हणाला, "बाबा, राहू द्या, माणूस येईल." माणूस आला, मशीन दुरुस्त झालं. त्यानंतर बाबांनी घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. खिडकीशी बसून ते समोरच्या घराचा बर्फ कोण उपसतंय ते बघत राहायचे. आईने मला फोनवर सांगितलं, "अगं, हे अगदी गप्प झालेत."

दादाचा जीव त्यांच्यावर आहे, हे आधीच सांगते. त्यांना बरं वाटावं म्हणूनच त्याने फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ ठरवली, मलाही पुण्याहून बोलावून घेतलं. आणि सेंट मार्टिन बेटावर एका दिवसाची शिडाच्या होड्यांची शर्यत बुक केली, तीही बाबांसाठीच. दाभोळच्या खाडीत लहानपणी पाहिलेल्या शिडाच्या गलबतांबद्दल ते आम्हाला सांगत आले होते.

जागा आणि होड्या

सेंट मार्टिन हे अवघ्या 87 चौरस किलोमीटरचं बेट, आणि तेही दोन देशांत वाटलेलं. उत्तरेचा भाग फ्रेंचांचा, दक्षिणेचा डचांचा. ही वाटणी 1648 च्या तहापासूनची. क्रूझची जहाजं लागतात ती डच बाजूच्या फिलिप्सबर्गला. हे गाव म्हणजे वाळूची एक अरुंद पट्टी. पुढे ग्रेट बेचं निळंशार पाणी, मागे ग्रेट सॉल्ट पाँड नावाचं मोठं खारं तळं, पूर्वीचं मिठागर. डच इथे आले तेच या मिठासाठी, आणि ते मीठ उन्हात उभं राहून गोळा केलं गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी. ग्रेट बेचा सुंदर किनारा बघताना पाठीमागचं ते तळं विसरू नये, असं मला तिथे फार वाटलं.

आई होडीत बसायला तयार नव्हती. ती वहिनीबरोबर फ्रंट स्ट्रीटवर थांबली. त्या रस्त्यावरची दागिन्यांची बरीच दुकानं सिंधी मंडळींची. तिला तासाभरात हिंदीत बोलायला माणसं मिळाली आणि एका दुकानात बसायला खुर्चीही.

आम्ही तिघं, मी, दादा आणि बाबा, शर्यतीला गेलो. या होड्या साध्यासुध्या नाहीत. अमेरिका कप ही शिडाच्या होड्यांची 1851 पासून चालत आलेली स्पर्धा. 1958 ते 1987 या काळात ती 'ट्वेल्व्ह मीटर' वर्गाच्या होड्यांवर झाली. नाव बारा मीटर असलं तरी होडी तेवढीच लांब नसते. लांबी, घेर, पाण्यावरची उंची, शिडाचं क्षेत्रफळ असं सगळं एका सूत्रात घातलं की उत्तर बारा मीटर यावं लागतं. प्रत्यक्षात होडी पासष्ट-सत्तर फूट लांब, वजन पंचवीस टनांच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं वजन तळाशी लावलेल्या शिशाचं. म्हणून वाऱ्याने ती कितीही कलली तरी उलटत नाही. अस्सल शर्यतीत तिच्यावर अकरा खलाशी असत.

1983 मध्ये डेनिस कॉनर या अमेरिकन कप्तानाच्या हातून हा कप गेला. 132 वर्षांत अमेरिका पहिल्यांदाच हरली. 1987 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला जाऊन त्याने 'स्टार्स अँड स्ट्राइप्स 87' या होडीवर कप परत जिंकला, 4-0 असा. ती होडी आमच्यासमोर पाण्यावर उभी होती. आमच्या वाट्याला आली 'ट्रू नॉर्थ'. ही कॅनडाची, त्याच कपासाठी बांधलेली, पण ऐन वेळी कॅनडाचे दोन संघ एकत्र झाले आणि आव्हानवीरांच्या फेऱ्यांत दुसरीच होडी उतरली. इतकी मेहनत घेऊन बांधलेल्या होडीला तेव्हा कामच मिळालं नाही. हे ऐकून बाबा म्हणाले, "बांधून शेडमध्ये उभी."

फॉर्म

आता ती गाळलेली गोष्ट. आदल्या रात्री जहाजावर एक फॉर्म भरायचा होता. पाठ, गुडघे, हृदय, अलीकडची शस्त्रक्रिया, काही त्रास आहे का. या सहलीला श्रमाच्या दृष्टीने वरचा दर्जा होता. दादा म्हणाला, "गुडघा लिहिला तर त्यांना घेणारच नाहीत. आपण लिहायला नको, तिथे गेल्यावर मी त्यांना एका जागी बसवून ठेवतो." मी समोर बसले होते. कारखान्यात कोणी अशी माहिती लपवली तर मी किती बोलले असते! तिथे मी "हं" म्हणाले. बाबा तीन हातांवर पलंगावर बसून टीव्ही बघत होते. आम्ही त्यांना विचारलं नाही. सही दादाने त्यांच्याकडून करून घेतली.

कामाची वाटणी

होडीवर आम्ही सोळा-सतरा प्रवासी आणि तीन पगारी खलाशी: कप्तान, त्याच्या हाताखालचा मेट आणि पुढच्या शिडाशी एक मुलगी. मेट तिथलाच, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्याने सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि एकेकाला काम देत गेला. काम देण्याची त्याची रीत मी आजही वर्गात फळ्यावर काढून दाखवते. प्रत्येकाला एकच काम, त्या कामाला एक नाव आणि ते सुरू करायला एकच शब्द. "हा शब्द ऐकलास की हा दोर ओढायचा. दुसरा कुठलाही शब्द तुझ्यासाठी नाही." एका तरुणाकडे नुसतं घड्याळ आणि सुरुवातीच्या तोफेपर्यंतची सेकंदं मोठ्याने मोजणं. त्यानंतर ते काम कोरडं दोन वेळा करून घ्यायचं, वारा लागण्याआधी.

मला काम मिळालं 'रनर'चा दोर ओढायचं. रनर म्हणजे डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार. अशा दोन, डावीकडे एक, उजवीकडे एक. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची ताणायची, दुसरी सोडायची, म्हणजे मोठ्या शिडाखालची आडवी दांडी मोकळी फिरते. तारेच्या टोकाचा दोर एका विंचवर, म्हणजे हँडलने फिरणाऱ्या ड्रमवर, गुंडाळलेला. एक उंच ऑस्ट्रेलियन गृहस्थ हँडल फिरवणार, मी सुटलेलं टोक ओढत राहणार.

बाबांची पाळी आली. मेटने त्यांच्याकडे बघून विचारलं, "अँड यू, सर?" उत्तर दादाने दिलं. बाबा नुसते बसतील, त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही. मेट क्षणभर थांबला, मान हलवली आणि बाबांना आमच्या विंचमागे, कठड्याला टेकून बसता येईल अशा जागी बसवलं. बाबांनी दादाकडे पाहिलं. मग ते विंचकडे बघायला लागले.

शर्यत

पूर्वेचा वारा, अठरा-वीस नॉट, म्हणजे ताशी पस्तीस किलोमीटरच्या घरात. हिवाळ्यात तिथे हा वारा दिवसच्या दिवस तसाच वाहतो. होडी कलली आणि खालची बाजू पाण्याला टेकली. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेत, एकदा वारा डाव्या गालावर, एकदा उजव्या, अशी ती वर चढते. दर वळणाला सगळ्यांची कामं एकदम. "टॅकिंग!" अशी हाक, दोरांचा कडकडाट, दांडी डोक्यावरून पलीकडे, आणि आमच्या विंचचा आवाज.

दुसऱ्या वळणानंतर ऑस्ट्रेलियन गृहस्थांना पोटातून उसळी आली. ते हिरवे पडले, कठड्यावरून वाकले, आणि हँडल तसंच राहिलं. पुढचं वळण मिनिटभरावर होतं. मेट मागे आला. दादा पुढे होता, त्याला तिथून हलता येणार नव्हतं. मेटने आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर बाबांच्या हातांवर थांबली. बाबांचे हात म्हणजे रुंद पंजे, अंगठ्याची नखं जाड झालेली, उजव्या तर्जनीवर जुन्या जखमेचा पांढरा व्रण. मेट वाकला, हँडलवर बोट ठेवलं आणि बाबांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "यू?"

पुढून दादा ओरडला, "नो, नो, ही कान्ट!"

मेटने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो बाबांच्या उत्तरासाठी थांबला. बाबांनी आधी स्वतःच्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या, मान हलवली आणि म्हणाले, "धिस, नो गुड." मग दोन्ही हात वर करून दाखवले. "धिस, गुड."

त्या एका वाक्यात आदल्या रात्रीचा फॉर्म त्यांनी स्वतः भरून टाकला.

मेटला जे कळायला हवं होतं ते कळलं. बाबांना उभं करायचं नाही. त्याने त्यांना विंचच्या बाजूच्या कट्ट्यावर बसवलं, उजवा पाय लांब, डावा पाय एका पट्टीला टेकवून. हँडलचे दोन आडवे फेरे मारून दाखवले. तळहात उघडून समोर धरला की थांबायचं, हीही खूण ठरली, आणि ती दोघांसाठी होती. बाबांनीही हात दाखवला तर थांबायचंच.

पुढच्या वळणाला बाबांनी हँडल फिरवलं. पहिल्यांदा भराभर, दोर ढिला असेपर्यंत. मग ताण आला, हात जड झाला, आणि मेटने सांगण्याआधीच बाबांनी हँडल उलट दिशेने फिरवायला घेतलं. या विंचला दोन गिअर असतात. सुलट फिरवलं की वेग, उलट फिरवलं की जोर. ड्रम मात्र दोन्ही वेळी एकाच बाजूला फिरतो. वळणापूर्वीचा अर्धा तास बाबा हेच बघत बसले होते. त्यांना ते कोणी शिकवलं नव्हतं. आतल्या रॅचेटची, म्हणजे खटक्यांची, कटकट पहिल्या गिअरला कशी आणि दुसऱ्याला कशी, हे ते कानाने धरत होते.

चूक झाली ती माझ्याकडून, चौथ्या वळणाला. होडीने धक्का घेतला, मी तोल सावरायला एक हात सोडला आणि टोक ढिलं पडलं. ड्रमवरचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर चढला. अशा वेळी हँडल फिरवत राहिलं तर वरचा वेढा खालच्याला आवळून टाकतो, दोर ना पुढे जात ना मागे, आणि त्यावर पूर्ण ताण आला की तो सोडवणं अवघड आणि धोक्याचं. मला ते दिसलंच नाही. मी पुन्हा जोर लावून ओढायला लागले होते. बाबांचं हँडल थांबलेलं होतं. त्यांचा तळहात उघडा, माझ्या तोंडासमोर. "थांब. चढलंय."

मेटने तीन पावलांत येऊन वरचा वेढा उलगडला, नीट बसवला, आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. आठ-दहा सेकंदं गेली. शर्यतीच्या शेवटच्या तरंगत्या खुणेला वळसा घालून आम्ही सुटलो तेव्हा 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' दोन होड्यांएवढी पुढे होती, आणि अंतर तेवढंच राहिलं. आम्ही हरलो.

मांडणी

वर्गात मी इथे थांबते आणि विचारते: कोणाचा निर्णय बरोबर?

पहिलं उत्तर नेहमी मेटच्या बाजूने येतं, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, पण पडले असते तर?" एकदा प्रेस शॉपच्या एका सुपरवायझरने फार नेमकं विचारलं. त्याच्या विभागात एका जुन्या कामगाराचं बोट गेलं होतं. तो म्हणाला, "हात बघून काम देणं ऐकायला छान वाटतं. त्या माणसाला पाठीचा त्रास असता आणि त्याने सांगितलाच नसता तर तुमचा मेट काय करणार होता?" त्या दिवशी मला फॉर्मची गोष्ट सांगायला हवी होती. मी ती सांगितली नाही, आणि त्याचा प्रश्न अर्धवट राहिला.

त्याचं उत्तर आता देते. मेटला बाबांबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि त्याला जबाबदार आम्ही होतो. दादाची भीती खरी होती. गुडघा खरंच गेलेला, आणि होडीचं डेक कललेलं असताना बाबा उभे राहिले असते तर पडण्याची शक्यता दाट होती. पण त्या भीतीचं आम्ही काय केलं? ज्याला माहिती लागणार होती त्याच्यापासून ती लपवली. ज्याची होती त्याला विचारली नाही. आणि हे सगळं झाकायला त्याला कोपऱ्यात बसवलं. सुरक्षिततेच्या नावाने आम्ही जे जे केलं त्यातल्या प्रत्येक गोष्टीने धोका वाढवला. ऑस्ट्रेलियन गृहस्थांना मळमळलं नसतं तरी पुढच्या मोठ्या लाटेला बाबा कोणाच्याही माहितीशिवाय, गुडघ्याला आधार नसलेल्या जागी बसलेले होते.

मेटने एक केलं. प्रश्न थेट बाबांना विचारला आणि उत्तरासाठी थांबला, शर्यत चालू असताना. काम समोर आलं तेव्हा बाबांनी आपली मर्यादा आपणहून सांगितली, आधी गुडघा, मग हात. मला यातला तो क्रम फार मोलाचा वाटतो. फॉर्म भरताना माणूस त्रास लपवतो, कारण तिथे त्रास लिहिला की दार बंद होतं. काम खरोखर मिळणार असेल तर तोच माणूस खरं सांगतो, कारण ते नीट करायची त्याला इच्छा असते. आमच्या कारखान्यातही हेच पाहिलं आहे. ज्यांना वाटतं 'सांगितलं तर लाइनवरून काढून गेटवर बसवतील', ते कंबरदुखी घेऊन वर्षानुवर्षं उभे राहतात.

आणि हात वर करून थांबवायची मुभा दोघांना होती, म्हणून माझी चूक वेळेत अडली. मी तरुण, इंग्रजी येणारी, सूचना नीट ऐकलेली. वेढा चढलेला दिसला तो ज्यांना "फारसं कळत नाही" म्हणून बसवलं होतं त्यांना.

मेटच्या बाबतीतलं एक उणं मला नोंदवायचं आहे. वाटणीच्या वेळी त्याने दादाचं उत्तर मान्य केलं होतं. मुलगा बापाच्या वतीने बोलला आणि त्याने पुढच्या माणसाकडे वळून काम चालू ठेवलं. दुसऱ्या वेळी त्याने ते दुरुस्त केलं, पण गरज पडली म्हणून. गरज पडली नसती तर बाबा किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत बसूनच आले असते, आणि ही सहल छान झाली असंच आम्ही घरी सांगितलं असतं.

त्यानंतर

त्या रात्री जहाजावर जेवताना बाबांनी कागदी नॅपकिनवर आईला विंच काढून दाखवला. मधला दांडा, दोन गिअर, दोन खटके, उलट फिरवल्यावर कुठला खटका धरतो आणि कुठला सुटतो. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती प्रत्येक रेघेला "बरं" म्हणत होती. दादा बराच वेळ गप्प होता. मग त्याने नॅपकिन आपल्याकडे वळवून विचारलं, "आणि ग्रीस कुठे लावतात?" बाबांनी त्याला पेन्सिलीने जागा दाखवली.

पुढच्या वर्षी 6 सप्टेंबर 2017 ला इर्मा वादळाने ते बेट अक्षरशः झोडपून काढलं. बातम्यांत फिलिप्सबर्गचा किनारा दिसला तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न केला तो त्या मेटबद्दल. त्याचं नावही आम्ही विचारून ठेवलं नव्हतं.

2018 च्या दिवाळीत दादा चिपळूणला आला होता. मालवणला स्नॉर्कलिंगला जायचं ठरलं आणि तिथला फॉर्म त्याने घरीच भरायला घेतला. बाबा ओटीवर सायकलची चेन साफ करत बसले होते. दादा फॉर्म आणि पेन घेऊन बाहेर गेला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.

"बाबा, गुडघ्याचं काय लिहू?"

बाबांनी चेनवरून नजर न काढता सांगितलं, "डावा बरा आहे. उजवा गेलेला आहे. आहे ते लिही. आणि विचार, होडीत चढायला शिडी आहे का."